वासनवेलीचं पाणी

मामंजींना पाणी पिता येत नव्हतं. आमटीत कुस्करलेली भाकरी उतरत होती, शिरा उतरत होता, मऊ भातही उतरत होता. पण साध्या पाण्याचा घोट घेतला की ठसका लागायचा, चेहरा लालबुंद व्हायचा आणि आम्ही सगळे त्यांच्या पाठीवर थापट्या मारत उभे राहायचो. दसऱ्याच्या सुमारास त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मोठ्या दवाखान्यातून त्यांना सोलापूरच्या भवानी पेठेतल्या घरी आणलं तेव्हा माझ्या डोक्यात तेल चोळणं, हातपाय हलवणं, बोलायला शिकवणं एवढंच होतं. पाण्याचा विचार कुणी केलाच नव्हता. पाणी पिणं ही काय शिकवायची गोष्ट आहे?

मला लहानपणापासून नसत्या चौकशा करायची खोड. माझी आई म्हणायची, हिला मुंगी दिसली की ही तिचं घर बघायला जाते. सासरी आल्यावर ती खोड जरा आत दडपून ठेवली होती, पण इथे ती उसळून वर आली. भाकरी जाते आणि पाणी जात नाही, हे उलटं कसं? मी डॉक्टरांना विचारलं. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचा दवाखाना होता आणि माणूस चांगला होता, बायकांच्या प्रश्नांना 'तुम्हाला काय कळणार' म्हणायचा नाही. ते म्हणाले, "घशात अन्नाची वाट आणि श्वासाची वाट शेजारी शेजारी असते. घास सावकाश जातो, तेवढ्यात श्वासाच्या वाटेवर झाकण बसतं. पाणी फार चपळ. यांचं झाकण आता उशिरा बसतं, त्याच्या आधीच पाणी आत शिरतं."

"मग करायचं काय?"

"पातळ पेज देऊन बघा. पुरेसं पाणी पोटात गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल."

नळी हा शब्द ऐकताच मामंजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दवाखान्यात ती नळी एकदा घातली होती आणि त्यांनी डाव्या हाताने उपसून फेकून दिली होती. हात बांधावे लागले होते. आयुष्यभर कुणाचं ऐकून न घेतलेला तो माणूस, हात बांधल्यावर लहान मुलासारखा रडला होता. ते रडणं मी पाहिलं होतं, त्यामुळे नळी पुन्हा येऊ द्यायची नाही हे मी मनाशी पक्कं केलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, तेव्हा घरात हे ठरवणारी मीच.

तांदळाची पेज, ज्वारीची आंबील, साबुदाण्याची पातळ खीर, सगळं करून झालं. ते सगळं उतरायचं, पण पोट भरायचं आणि तहान तशीच राहायची. वाटी तोंडाशी नेली की मामंजी ती बाजूला सारून कोपऱ्यातल्या माठाकडे बघायचे. त्यांना खायचं नव्हतं, त्यांना पाणी हवं होतं. मी इसबगोल आणून पाण्यात कालवलं. त्यात गुठळ्या झाल्या, एक गुठळी टाळूला चिकटली आणि मामंजींनी सगळं माझ्या पदरावर थुंकलं. रागाने बघितलंही. मला त्यांच्या रागाचं वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. राग शाबूत होता, म्हणजे माणूस शाबूत होता.

हवं होतं ते असं: पाण्यासारखं गार, पाण्यासारखं बेचव, पोटाला जड न होणारं, पण पाण्याइतकी घाई नसलेलं. भांडी घासताना मी हे स्वतःशीच घोळवत होते आणि एकदम मला मैंदर्गीचा बांध आठवला.

माझं माहेर मैंदर्गीचं. घर शेतकऱ्याचं, तोंडात अर्धी मराठी अर्धी कानडी. बांधावरच्या काटेरी कुंपणावर एक वेल चढलेली असायची. तिला आम्ही वासनवेल म्हणायचो, शेजारची कानडी मुलं दागडी म्हणायची. पानं बोटभर, अंगावर बारीक लव. ती ओंजळभर पानं पाण्यात चोळायची, हिरवा फेस येईपर्यंत चोळायची, चोथा काढून टाकायचा आणि पाणी हलवायचं नाही. थोड्या वेळाने करवंटीत हिरवं दही लागलेलं असायचं. करवंटी उपडी केली तरी सांडायचं नाही. भातुकलीत आम्ही ते दही खड्यांच्या बदल्यात विकायचो. माळावरची मेंढ्या-बकऱ्या राखणारी माणसं मात्र उन्हाळ्यात ते खरोखर खायची, वर साखर घालून. अंगातली उष्णता जाते म्हणायची.

मी हात तसेच राखेचे ठेवून उठले. "अहो, आपल्याकडे वासनवेल कुठे मिळेल?"

आमचे हे चादरींच्या कारखान्यात हिशेब बघायचे. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "वासन काय?"

"वेल. पाण्याचं दही होतं तिचं."

"आता एवढंच राहिलं होतं," हे म्हणाले आणि वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. पण रविवारी सायकलवर मला मागे बसवून अक्कलकोट रस्त्याला घेऊन गेले, हेही सांगायला हवं. वस्ती संपल्यावर एका मळ्याच्या घायपाताच्या कुंपणावर ती दिसली. सोलापुरात येऊन इतकी वर्षं झाली आणि मी तिच्या समोरून किती वेळा एस.टी.ने गेले असेन, पण कधी ओळख पटली नव्हती. मळेवाला म्हणाला, "न्या की. त्या रानवेलीचं कोन काय इचारतंय?"

घरी आल्यावर माझे प्रयोग सुरू झाले. पानं धुऊन घेतली. पहिल्यांदा चोळलेलं पाणी नुसतंच हिरवं आणि पाल्याच्या वासाचं निघालं, म्हणून पुढच्या वेळी पानं आधी जरा वेळ भिजत घालून ते पाणी झाडांना ओतलं. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यातून गाळलं. चोथा गच्च पिळला तर कडसर चव उतरायची, हलक्या हाताने दाबला तर नाही. चुलीवर कोमट केलं तर दही फुटून पाणी वेगळं सुटलं. मग माझ्या लक्षात एक गंमत आली. नळाच्या पाण्यात ते उशिरा धरायचं, कधी कधी धरायचंच नाही. आणि मागच्या आडाचं पाणी, ज्यात डाळ शिजत नाही म्हणून आम्ही त्याला शिव्या द्यायचो, त्यात बघता बघता घट्ट व्हायचं. का, ते मला कळलं नाही. डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. ते म्हणाले, जड पाण्यातल्या क्षारांचं काही असेल. आडाला मी तेव्हापासून शिव्या देणं बंद केलं.

आधी मी प्याले. मग ह्यांना पाजलं. ह्यांनी डोळे मिटून गिळलं आणि म्हणाले, "शेवाळ खाल्ल्यासारखं वाटतंय." दुसऱ्या दिवशी दोघंही ठणठणीत होतो, तेव्हा वाटी मामंजींसमोर नेली.

मामंजींनी तोंड उघडलं नाही. त्यांनी डावा हात पुढे केला, दोन बोटं वाटीत बुडवली आणि अंगठा त्यावर घासून बोटं हळूहळू लांब केली. मी बघतच राहिले. मामंजींनी उभा जन्म ताण्याला खळ लावायचं काम केलेलं. सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ लागते, ती पातळ झाली तर सूत तुटतं, घट्ट झाली तर कडकडतं. ती ते बोटांवरच जोखायचे. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली: नाही. बोटांनी पाणी शिंपडल्यासारखं केलं. मी पाणी वाढवलं. पुन्हा बोटं, पुन्हा मान. शेवटी ताकापेक्षा दाट आणि मधापेक्षा पातळ असं काहीतरी झालं, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

चमचा आत गेला. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. आम्ही दोघं श्वास धरून ठसक्याची वाट बघत होतो. ठसका आला नाही. मामंजींनी डोळे मिटले आणि पुन्हा तोंड उघडलं. ती सगळी वाटी त्यांनी संपवली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदाने रडतात हे मी ऐकून होते, त्या दिवशी खरं वाटलं.

त्यानंतर आमच्या घरात रोज वासनवेलीचं पाणी होऊ लागलं. डॉक्टर येऊन चाखून गेले. म्हणाले, "हा विरघळणारा चोथा आहे. घशालाही बरा आणि पुढच्या कामालाही बरा." पुढच्या कामाचा अनुभव आम्हाला आलाच होता. झटका आल्यापासून मामंजींचं सकाळचं काम म्हणजे सगळ्या घराची काळजी होती, एरंडेलाशिवाय भागत नव्हतं. ते आता वेळच्या वेळी होऊ लागलं. ह्यांनी कारखान्यात ही बातमी पगारवाढ झाल्यासारखी सांगितली म्हणे.

पण ह्यांच्या डोक्यात कारखाना बसलेला. सूत गाठोड्याने घ्यायचं, रंग डब्याने घ्यायचा, कोठी भरलेली असली की झोप लागते. दर दोन-तीन दिवसांनी सायकल काढून मूठभर पाला आणणं त्यांना पटेना. थंडी सरत आली होती. एका रविवारी मी घरकामात होते म्हणून हे एकटेच विळा घेऊन गेले आणि दुपारी सायकलच्या मागे भारा बांधून आले. कुंपणावरची सगळी वेल बुडापासून कापून आणली होती.

"आता महिनाभर चिंता नाही," हे म्हणाले, घाम पुसत.

मी भाऱ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे सूत आहे का कोठीत भरून ठेवायला?"

भारा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला तरी पानं काळी पडली. वरची उन्हात वाळवली ती पिवळी होऊन चुऱ्यासारखी झाली, पाण्यात नुसतीच तरंगली. थोडी सावलीत वाळली, त्यांची पूड वस्त्रगाळ केली तर पाणी जरा दाटलं, पण ती ओंजळभरच निघाली आणि चार दिवसांत संपली. मळ्याच्या कुंपणावर आता नुसते बुडखे होते. पावसाशिवाय फुटवा कुठून येणार? मळेवाल्याने ह्यांना चांगलंच सुनावलं, त्याचं कुंपणही त्या वेलीनेच धरून ठेवलेलं होतं. मीही बरंच काही बोलणार होते, पण ह्यांचा चेहरा बघून चहा टाकला.

आणि मामंजींनी तोंड मिटून घेतलं. एकदा पाणी मिळाल्यावर आता त्यांना पेज नको होती, आंबील नको होती. चिंचोक्याची पेज करून बघितली, तिचा वास येताच त्यांनी मान फिरवली. खळही चिंचोक्याचीच; जन्मभर जिच्यात हात घातला, ती पिणार कशी? ओठ सुकले. दिवसा झोपू लागले. डॉक्टर आले, त्यांनी हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. "आता वाट बघता येणार नाही," ते म्हणाले. "उद्या दवाखान्यात न्या. नळी घालू. हात बांधावे लागले तर बांधू."

दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली एस.टी. धरून मी मैंदर्गीला गेले. ह्यांना सांगितलं, संध्याकाळपर्यंत थांबा, मग न्या. माहेरच्या घरात पिशवी टेकवली नाही, तशीच ओढ्याकडे गेले. ओढ्याकाठी ओल होती, तिथे वेल हिरवीगार होती. आमच्या बांधाशेजारी बकऱ्या राखणाऱ्या मावशी तिथेच होत्या. मी हात घातला तशा त्या ओरडल्या, "शेंडा न्हाय मोडायचा, बाई! एका येलीची मूठभर घे आन पुढच्या येलीकडं जा."

"का हो मावशी?"

"का म्हंजी? आमच्यात असंच घेत्यात. मागनं बकरी येत्यात, त्यास्नी काय ठेवायचं का न्हाय?"

घाई होती तरी माझी खोड गप्प बसेना. सोलापुरात जाऊन पाला फसला तर परत यायला एस.टी. नव्हती. मी ओढ्याच्या पाण्यात शेंड्याची पानं वेगळी चोळली आणि खालची जून पानं वेगळी. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. शेंड्याचं पाणी नुसतंच हिरवं राहिलं, जून पानांचं धरलं. मावशींनी बोट घालून बघितलं. "आता गं बया," त्या म्हणाल्या. "आमी आपलं बकऱ्यांसाटी सोडत व्हतो. हे न्हवतं ठावं." मलाही नव्हतं. शेंडा सोडण्यात आपलं काहीच जात नव्हतं. दोघींनी मिळून वेलीवेलीवरून मूठ मूठ पानं घेतली, ओल्या फडक्यात सैल बांधली, आणि मी दुपारची एस.टी. पकडली.

दारात चपलांचा ढीग होता. घर माणसांनी भरलं होतं. मामंजींना खाटेवरून उतरवून चटईवर ठेवलं होतं. ह्यांच्या थोरल्या आत्या, मामंजींची मोठी बहीण, उशाशी बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात तांब्याचा छोटा गडू होता. काशीहून आणलेलं गंगेचं पाणी. जाताना माणसाच्या तोंडात घालायचं.

"आलीस का?" आत्या म्हणाल्या. "बरं झालं. डोळं उघडंनात. तोंडात पानी घालून घ्या समद्यांनी."

त्यांनी गडू वाकडा केला. मी त्यांचा हात धरला. सासरच्या वडीलधाऱ्या बाईचा हात धरायचा म्हणजे काय, हे मला कळत होतं.

"आत्या, नका. ठसका लागेल. ठसक्यानेच जातील ते."

"गंगंच्या पान्यानं ठसका लागतोय व्हय? आन तसाच कोरडा जाऊ द्यायचा माझ्या भावाला?"

"कोरडे नाही जाऊ द्यायचे. हेच पाणी पाजू, पण घट्ट करून."

सगळे माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघत होते. आत्या ह्यांच्याकडे वळल्या. हे भिंतीला टेकून उभे होते, डोळे सुजलेले. हे म्हणाले, "आत्या, दे तिला."

मी गडूतल्या थोड्या पाण्यात पानं चोळली. घाई चालत नाही त्या कामाला. गाळलं, वाटी जमिनीवर ठेवली. गंगेचं पाणी काही केल्या धरेना. नळाच्या पाण्यासारखंच नुसतं हिरवं, पातळ. आत्या म्हणाल्या, "तवर जीव जाईल त्येचा." मी उठले, मागे गेले, आडाच्या पाण्याचा पेला भरून आणला आणि त्यातलं थोडं वाटीत ओतलं.

"गंगंत आडाचं पानी?" आत्या किंचाळल्याच.

मी वाटीकडे बघत बसले. मग वाटी जरा कलती केली तर पाणी लगेच धावलं नाही, सावकाश सरकलं. मामंजींना पाठीला धरून बसतं केलं. ओठ बोटाने ओले केले, चमचा टेकवला. बराच वेळ काही झालं नाही. मग गळ्याची गाठ हलली. पुन्हा चमचा. पुन्हा हलली. वाटी संपली तसं मी गडूतलं आणखी पाणी घेतलं, त्यातही आडाचं मिसळलं, आणि आणखी एक वाटी केली. दुसऱ्या वाटीच्या मध्यावर मामंजींनी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे नाही, आत्याकडे नाही, वाटीकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

ते मरत नव्हते. ते नुसते तहानलेले होते.

माणसं हळूहळू उठून गेली, जरा ओशाळल्यासारखी. संध्याकाळी डॉक्टर आले, नाडी बघितली, सलाइनची बाटली लावली, आणि नळीचं नाव काढलं नाही. हे मामंजींचे पाय दाबत बसले.

आत्या तिथेच होत्या. त्यांनी गडू उपडा करून बघितला. एक थेंब पडला नाही. ते पाणी त्यांनी काशीयात्रेहून स्वतःच्या शेवटासाठी आणून, गडूला लाख लावून ठेवलं होतं, हे मला ह्यांनी नंतर सांगितलं. भावासाठी त्यांनी ते फोडलं होतं आणि भावाने ते सगळं पिऊन टाकलं होतं.

"आत्या, पुन्हा कुणी काशीला गेलं की आणायला सांगू," मी म्हटलं.

आत्यांनी भावाच्या ओठाच्या कडेचा हिरवा ओघळ पदराने पुसला. त्यांच्या नवऱ्याच्या तोंडात शेवटी पाणी घातलं तेव्हा असाच ठसका लागला होता का, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही. फक्त माझा हात धरून हळू आवाजात म्हणाल्या, "काशीचं ऱ्हाऊ दे. आडाचंच चालंल मला. पर माझ्या येळंला तू हितं ऱ्हा, आन असंच घट्ट करून दे."